तारीख कुणाच्या सोयीची?

आपल्या गॅदरिंगच्या तीन गोष्टी कधी चुकत नाहीत. साऊंडवाला उशिरा येतो, फिशपाँड वाचताना कुणीतरी रुसतो आणि २८ फेब्रुवारीच्या आसपास रक्तदान शिबिर होते. मागच्या वर्षी मीही रक्त दिले. चहा, बिस्किटे, एक प्रमाणपत्र आणि आठवडाभर पुरेल एवढा भाव मिळाला. प्रमाणपत्र अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले आहे.

त्याच वर्षीचा १३ मे. परीक्षा संपल्या होत्या, मेस बंद, हॉस्टेल रिकामे. माझ्या रूम-पार्टनरच्या वडिलांचे पुण्यातच ऑपरेशन ठरले होते. रक्तगट बी निगेटिव्ह. हॉस्पिटलने दोन पिशव्यांची सोय करायला सांगितले. आम्ही म्हटले, त्यात काय एवढे! सव्वातीनशे पोरांचे हॉस्टेल आहे आपले. फोन लावायला बसलो. बी किंवा ओ निगेटिव्हवाले पाचजण निघाले. दोघे गावी, पुण्यापासून दहा-बारा तासांवर. उरलेले तिघे पुण्यातच होते आणि यायलाही तयार होते, पण तिघांनीही गॅदरिंगला रक्त दिलेले! २८ फेब्रुवारी ते १३ मे म्हणजे ७४ दिवस. पुरुषाने एकदा रक्त दिल्यावर पुन्हा द्यायला ९० दिवस जावे लागतात, बाईने दिल्यावर १२० दिवस. म्हणजे आमच्या तिघांचा नंबर लागणार होता २९ मे रोजी.

आणि फेब्रुवारीत जमवलेल्या त्या पिशव्या? तेव्हा मला कळलेला हिशेब आधी सांगतो, मग पुढची गोष्ट.

शिबिरात घेतलेले रक्त तसेच्या तसे फ्रीजमध्ये ठेवून देत नाहीत. बहुतेक वेळा त्याचे भाग वेगळे करतात. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवल्या तर पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स फक्त ५ दिवस, त्याही सतत हलवत ठेवायच्या. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. आता कॅलेंडर काढा. २६ जानेवारीच्या शिबिरातल्या तांबड्या पेशी फार तर ९ मार्चपर्यंत. २८ फेब्रुवारीच्या ११ एप्रिलपर्यंत. १५ ऑगस्टच्या २६ सप्टेंबरपर्यंत. मे महिना या हिशेबात कुठेच येत नाही. उन्हाळ्यात कॉलेजे बंद, लोक गावाला, शिबिरे कमी, आणि पेशंट मात्र नेहमीइतकेच. थॅलेसेमियाच्या मुलांना तर साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. त्यांना कसली आलीय सुट्टी!

म्हणजे आपण शिबिर घेतले ते चांगलेच केले. ते रक्त मार्चमध्ये कुणाला तरी नक्की उपयोगी पडले असणार. पण तारीख ठरवताना आपण पाहिले काय? पाहुणे कधी मोकळे आहेत आणि मांडव कधी उभा आहे! इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पेपरात इन्व्हेंटरीवर दहा मार्कांचे उत्तर खरडणारे आपण, प्रत्यक्षात एकाच दिवशी सगळा माल भरतो आणि अडीच महिन्यांनी गोडाऊन रिकामे म्हणून डोक्याला हात लावतो.

आता पुढची गोष्ट. मेसवाल्या काकूंनी आमचे चेहरे पाहून विचारले आणि त्यांच्या पेठेतल्या गणेश मंडळाच्या एका काकांचा नंबर दिला. खरं सांगतो, मंडळ म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे फक्त ढोल आणि स्पीकरच्या भिंती. काकांनी फोनवर रक्तगट विचारला, हॉस्पिटलचे नाव विचारले आणि म्हणाले, "थांब, वही बघतो." वीस मिनिटांत उलटा फोन. तासाभरात दोघेजण स्कूटरवरून हजर. एक वायरमन, एक बँकेतला कारकून. दोघांनी रक्त दिले, चहा घेतला आणि कामावर परत गेले. प्रमाणपत्राचे नावही काढले नाही.

ती वही मी नंतर पाहिली. साधी दोनशे पानी, चार रकान्यांची. नाव, रक्तगट, फोन आणि शेवटचे रक्तदान कधी. काका म्हणाले, "अरे, रक्तगटाची यादी कुणाकडेही असते. आमची यादी तारखांची आहे. आज कोण देऊ शकतो ते कळलं पाहिजे. सगळ्यांना एकाच दिवशी झोपवून काय उपयोग?" मंडळ दरवर्षी उत्सवात शिबिर घेते, पण काहींना मुद्दाम मागे ठेवते. त्यांची पाळी उन्हाळ्यात.

हे मंडळ प्रकरण नीट समजून घेण्यासारखे आहे. सार्वजनिक गणपतीची सुरुवात पुण्यात १८९२-९३ च्या सुमाराची. भाऊसाहेब रंगारी की लोकमान्य टिळक, हा वाद पेठांमध्ये अजून रंगतो, त्यात मी पडत नाही (मला अजून दोन वर्षे पुण्यात काढायची आहेत). त्याची रचना मात्र पाहा. घरोघरी जाऊन वर्गणी गोळा करायची, म्हणजे दरवर्षी प्रत्येक दाराशी एकदा तरी जायचे. वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी, मांडवासाठी महापालिका आणि पोलिसांची परवानगी, शेवटी जमाखर्च. हे सगळे करणाऱ्यांना पगार शून्य. दहा दिवसांनी गणपती जातो, पण कुणाच्या घरी कोण आहे, कुणाला काय जमते, ही माहिती शिल्लक राहते. काकांची वही हा त्या माहितीचाच एक भाग. नाचण्यापलीकडे काही न करणारी मंडळेही आहेत, नाही असे नाही. पण दारोदार ओळख असणारे लोक वर्षाचे बारा महिने गावात आहेत, ही गोष्ट मोठी आहे.

तारखेचा हाच विचार पुण्यात त्याच्याही आधी कुणीतरी केलेला दिसतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. व्याख्याने ठेवली ती एप्रिल-मेमध्ये. शाळा-कॉलेजांना सुट्टी आणि संध्याकाळ त्यातल्या त्यात बरी! ऐकणाऱ्याला सवड कधी, यावरून ठरवल्यासारखी तारीख. गेली कित्येक वर्षे ही माला टिळक रोडवरच्या टिळक स्मारक मंदिरात होते. आकाशनिरीक्षणाची हौस असलेल्यांनी १९४४ मध्ये पुण्यात काढलेली ज्योतिर्विद्या परिसंस्थाही याच वास्तूत नांदते. म्हणजे एका वास्तूत भाषण ऐकायचे आणि तिथल्याच लोकांबरोबर दुर्बिणीतून शनीची कडी पाहायची. संस्कृती आणि विज्ञान यांचे दोन वेगळे विभाग आपण कॉलेजात केलेत. गावात ते शेजारी-शेजारीच असतात.

आयुका हे याचेच दुसरे उदाहरण. तिथल्या मुलांच्या विज्ञान शोधिकेच्या इमारतीचे नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींमधला एक तारा, आणि 'पुल' या दोन अक्षरांमुळे लगेच ओळखू येणारे दुसरे नावही! सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेल्या देणगीतून ही शोधिका उभी राहिली. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेट्या, सायकलच्या ट्यूब, स्ट्रॉ अशा टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करायला मुलांना इथे वर्षानुवर्षे शिकवले. साहित्यातून आलेला पैसा, त्याचे दान आणि त्यातून विज्ञान. तिन्ही एका छपराखाली.

आता खोडद. नारायणगावजवळच्या या गावात जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. मेकॅनिकलवाल्यांनी तर जायलाच हवे, कारण या तबकड्या पत्र्याच्या नाहीत, बारीक तारांच्या जाळीच्या आहेत. वारा आरपार जातो, त्यामुळे वाऱ्याचा भार कमी, म्हणून सांगाडा हलका, म्हणून खर्च कमी. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने हे केंद्र लोकांसाठी उघडतात, शाळांची प्रदर्शने भरतात. १९२८ साली रामन यांनी आपला शोध जाहीर केला तो हा दिवस. १९८७ पासून तो विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. शाळा चालू असतात, वार्षिक परीक्षा अजून लांब असते, त्यामुळे आसपासच्या गावांतली पोरे एसटीने आणि टेम्पोने येतात. आपल्या हॉस्टेलचे मात्र त्याच दिवशी गॅदरिंग! असो.

पुन्हा त्या १३ मेकडे येतो. ते दोघे रक्त देऊन निघाले तेव्हा दुपारचे साडेबारा वाजत आले होते. काकाही मागून आले होते. पार्किंगमध्ये त्यांनी आम्हाला थांबवले आणि तिथल्या सरळ खांबाकडे बोट दाखवले. "सावली बघ." सावली नव्हती. कालपासून काळजीने जड झालेला माझा मित्र पहिल्यांदा जरा हसला. काका म्हणाले, "मंडळातली पोरं आज चौकात बाटल्या मांडून बसलीत."

हा शून्य सावलीचा दिवस. सूर्य २१ जूनच्या सुमारास २३.५ अंश उत्तरेपर्यंत म्हणजे कर्कवृत्तापर्यंत जातो आणि मागे फिरतो. वाटेत ज्या दिवशी सूर्याची क्रांती आपल्या गावाच्या अक्षांशाइतकी होते, त्या दिवशी मध्यान्ही तो बरोबर डोक्यावर येतो. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्या प्रत्येक गावाला हा दिवस वर्षातून दोनदा मिळतो. दिल्लीला एकदाही नाही! पुण्याचा दुसरा दिवस जुलैअखेरचा, पण तेव्हा सूर्य ढगात. म्हणजे उरला मे.

वेळ काढायला कॅल्क्युलेटरही नको. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचे, पुणे ७३.८५ वर. फरक ८.६५ अंश, अंशाला ४ मिनिटे, म्हणजे साधारण ३५ मिनिटे. मेच्या मध्यावर सूर्य घड्याळाच्या पावणेचार मिनिटे पुढे असतो, ती वजा. उत्तर १२ वाजून ३१ मिनिटे. याच रीतीने मुंबईला साधारण १२:३५ आणि नागपूरला १२:१० च्या सुमारास.

आपल्या हॉस्टेलच्या पोरांसाठी तारखा देतो. एखादा दिवस मागे-पुढे चालेल, कारण मेच्या मध्यावर क्रांती दिवसाला पाव अंशाच्या आसपासच बदलते. कोल्हापूर ६ मे, सांगली ७ मे, सातारा आणि सोलापूर १० मे, लातूर आणि पुणे १३ मे, मुंबई १५-१६ मे, अहिल्यानगर १६ मे, छत्रपती संभाजीनगर १९ मे, नाशिक २० मे, जळगाव २५ मे, नागपूर २६ मे. साहित्य काय? एक सरळ पाइपाचा तुकडा, ओळंबा आणि पाच-दहा लहान मुले. सूर्याकडे थेट बघायचे नाही, सावलीकडे बघायचे, एवढे मात्र त्यांना आधी बजावा.

आता मुद्द्याचे. मे महिन्यात आपण सगळे महाराष्ट्रभर पसरतो. आजवर मी याला हॉस्टेल रिकामे होणे म्हणत होतो. पण हॉस्टेल एका जागी रिकामे होते तेव्हा पन्नास गावांत भरतेही! म्हणून यंदा दोन गोष्टी ठरवल्या आहेत. रेक्टर सरांनी होकार दिलाय.

पहिली म्हणजे वही. ऑफिसबाहेरच्या टेबलावर ठेवली आहे, चार रकान्यांची. मुलींच्या हॉस्टेलला वेगळी, म्हणजे फोन नंबर इकडे-तिकडे जाणार नाहीत. वय १८ पूर्ण, वजन ४५ किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन १२.५ असलेला कुणीही तब्येत ठणठणीत असेल तर रक्त देऊ शकतो, अंतिम निर्णय शिबिरातल्या डॉक्टरांचा. गॅदरिंगच्या शिबिरात निम्म्यांनीच झोपायचे. उरलेल्या निम्म्यांनी मेमध्ये आपापल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रक्तपेढीत जाऊन द्यायचे. निगेटिव्ह गटवाल्यांना तर हात जोडून विनंती, सगळे एकदम देऊ नका. स्टाफमधल्या मंडळींनीही नावे घालावीत. तुम्ही तर मेमध्ये इथेच असता.

दुसरी म्हणजे सावली. आपल्या गावच्या तारखेला, पारावर किंवा शाळेच्या मैदानात. भाषण नको, पाहुणा नको, हार-नारळ नको. मुलांनाच आधी वेळ काढायला लावा, मग पाइप उभा करा.

मित्राचे वडील आता बरे आहेत. दिवाळीत घरी गेलो तेव्हा त्यांनी चिवड्याचा डबा दिला आणि बजावले, "त्या वायरमनला नक्की दे." डबा मी पोचवला. काकांनी तो घेतला आणि वही काढून माझे नाव लिहिले. चौथ्या रकान्यात २८ फेब्रुवारी. मग त्याच्यापुढे पेन्सिलीने लिहिले, 'पुढची पाळी मे.'