टेबलावरची चाचणी आणि पाड्यावरचे यंत्र

फर्मवेअरची, म्हणजे यंत्रातच भरून ठेवलेल्या मूळ सॉफ्टवेअरची, बायनरी इमेज बांधणारी आणि तपासणारी साधने गेल्या पंचवीस वर्षांत इतकी पक्की झाली आहेत, की इमेजच चुकीची बांधली गेली म्हणून यंत्र बंद पडावे, असे आता क्वचितच घडायला हवे. आणि तरी जव्हार-मोखाड्याच्या रास्त भाव दुकानात ई-पॉस मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला ‘अंगठा लागत नाही’, ‘रेंज नाही’, ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे ऐकावेच लागते. माझे म्हणणे असे की, या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासाच्या आहेत. साधनांनी चाचणीची शिस्त आणली, बिघाडाच्या वाटाही आखून ठेवता येतात हे दाखवले. पण बिघाडात यंत्राने कसे वागायचे हे आपल्याकडे यंत्रात लिहून तपासण्याऐवजी शासकीय परिपत्रकांत लिहिले गेले, तेही बिघाड झाल्यानंतर.

या साधनांची सर्वांत खुली आणि नोंदवलेली वाटचाल यू-बूट या बूटलोडरची आहे. बूटलोडर म्हणजे वीज आल्यावर यंत्रात सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामांपैकी एक. तो मुख्य प्रणालीला मेमरीत आणून उभी करतो. वोल्फगांग डेंक या जर्मन अभियंत्याने २००० साली ‘पीपीसीबूट’ या नावाने तो प्रसिद्ध केला आणि २००२ मध्ये त्याचे नाव यू-बूट झाले. त्याच्यासोबत आलेली ‘एमकेइमेज’ ही छोटी कमांड तयार फाइलच्या पुढे चौसष्ट बाइटांचा मथळा जोडत असे. फाइल मेमरीत कुठे उतरवायची, सुरुवात कुठून करायची आणि मजकुराची सीआरसी बेरीज किती, एवढे त्यात असे. बेरीज जुळली नाही तर बूटलोडर ती फाइल नाकारत असे. त्या काळात ‘तपासणी’ म्हणजे एवढेच होते, आणि ते कमी नव्हते: अर्धवट लिहिलेली फ्लॅश मेमरी त्यातून लगेच ओळखू येई. मात्र सीआरसी अपघात पकडते, लबाडी पकडत नाही. फाइल कोणी मुद्दाम बदलली तर बेरीजही नव्याने मांडता येते. म्हणून पुढे अनेक भाग एकत्र बांधणारी, प्रत्येक भागाचा हॅश सांगणारी इमेजची नवी रचना आली आणि २०१३ मध्ये त्यावर डिजिटल सहीची पडताळणीही आली. यंत्र आता ‘ही फाइल धड आहे का’ यासोबत ‘ही कोणी दिली’ हेही विचारू लागले.

याहून मोठा बदल मात्र तपासणीच्या जागेत झाला. २०११ च्या सुमारास सायमन ग्लास यांनी ‘सँडबॉक्स’ आणला: बूटलोडर बोर्डावर न चढवता साध्या संगणकावर एखाद्या प्रोग्रामसारखा चालवायचा आणि त्याच्या चाचण्या तिथेच घ्यायच्या. शेकडो बोर्डांसाठी एकाच वेळी बांधणी करून कुठे काय मोडले हे दाखवणारी ‘बिल्डमॅन’ ही कमांड त्यानंतरची. २०१६ मध्ये ‘बिनमॅन’ आली. तिची कल्पना मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. इमेजमध्ये कोणकोणते भाग आहेत, कुठल्या क्रमाने आणि कुठल्या पत्त्यावर, हे आधी एका वर्णनात लिहायचे आणि साधनाने त्या वर्णनाबरहुकूम इमेज बांधायची. तयार इमेज पुन्हा उघडून आतले भाग वाचता येतात, बाहेर काढता येतात, बदलता येतात. चिप बनवणाऱ्या कंपनीकडून येणारा एखादा बंद तुकडा हाताशी नसेल, तर सांगितल्यास बिनमॅन रिकामी जागा धरून बांधणी पूर्ण करते, पण ही इमेज चालणार नाही असे स्पष्ट बजावते. आणि बिनमॅनच्या स्वतःच्या कोडमधली प्रत्येक ओळ चाचणीखाली आलीच पाहिजे, असा तिच्या कर्त्यांचा नियम आहे. उणीव झाकायची नाही, नाव घेऊन सांगायची, ही या साधनाची सवय आहे.

बिघाड गृहीत धरण्याची सोय तर यू-बूटमध्ये त्याच्याही आधीपासून होती. यंत्र किती वेळा सुरू व्हायचा प्रयत्न करून अडले, याची मोजणी तो ठेवू शकतो. ठरवलेली मर्यादा ओलांडली की नेहमीची वाट सोडून आधीच लिहून ठेवलेली पर्यायी वाट घेतो. उदाहरणार्थ, नव्या इमेजऐवजी जुनी चालणारी इमेज. अद्ययावत करताना वीज गेली, तर काय? याचे उत्तर इथे आधीच लिहिलेले असते आणि तपासताही येते. दूरवर, तंत्रज्ञ पोहोचायला दिवस लागेल अशा ठिकाणी ठेवायच्या यंत्राला याहून उपयोगी गुण नाही.

आता सह्याद्रीच्या कुशीतल्या जव्हार-मोखाड्याकडे पाहू. आधारची सुरुवात महाराष्ट्रातूनच, २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून झाली. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. राज्यात तो २०१४ पासून लागू झाला, आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०१७-१८ च्या सुमारास रेशन दुकानांत आधारशी जोडलेली ई-पॉस मशीन बसली. पालघरमधले जव्हार आणि मोखाडा हे तालुके वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांचे. वावर-वांगणीतल्या १९९२ च्या बालमृत्यूंनंतर कुपोषणाची चर्चा या भागाला सोडून गेलेली नाही. इथे अंत्योदय कार्डावरचे महिन्याचे ३५ किलो धान्य घरात येते की नाही, यावर चूल अवलंबून असते. इथली वस्ती डोंगरउतारावर विखुरलेल्या पाड्यांची, पावसाळा मुसळधार आणि लांबलेला, वीज पावसात जाणारी. सुगी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. भाताची लावणी, लाकूडफाटा आणि विटा यांनी झिजलेली बोटे स्कॅनरला वाचता येत नाहीत, हे कष्टकऱ्यांच्या बाबतीत देशभर दिसलेले आहे.

स्कॅनरच्या बाजूने मात्र सुधारणा एकाच दिशेने झाली. २०१७ पासून आधार प्राधिकरणाने नोंदणीकृत बायोमेट्रिक उपकरणेच बंधनकारक केली: ठशाची माहिती उपकरणाच्या बाजूलाच कूटबद्ध आणि सहीनिशी बाहेर पडावी, म्हणजे जुना साठवलेला ठसा कोणी पुन्हा वापरू नये. २०२३ मध्ये ठसा जिवंत बोटाचाच आहे का, हे अधिक कडकपणे तपासणारी पद्धत आली. दोन्ही गरजेच्या होत्या. रबरी ठशांनी झालेल्या फसवणुकी खऱ्या आहेत. पण या सगळ्या तपासण्या खोटा माणूस आत येऊ नये यासाठी होत्या. खरा माणूस बाहेर राहू नये, याची जबाबदारी कागदावर राहिली. आधार प्रमाणीकरण जमले नाही म्हणून धान्य नाकारू नये, असे प्राधिकरणाचे परिपत्रक ऑक्टोबर २०१७ चे. कोविडकाळात २०२० मध्ये लाभार्थ्यांऐवजी दुकानदाराच्या अंगठ्यावर वाटप करायला राज्याने परवानगी दिली. २०२४ च्या पावसाळ्यात सर्व्हरचा गोंधळ झाला तेव्हा ऑफलाइन वाटपाचा आदेश काढावा लागला. तिन्ही वेळा निर्णय माणुसकीचा होता, आणि तिन्ही वेळा तो मुंबई-दिल्लीहून निघून दुकानापर्यंत पोहोचायची वाट बघावी लागली. डोंगरापलीकडच्या पाड्यावरून दोन तास चालत आलेल्या बाईसाठी तो आदेश दुसऱ्या दिवशी पोहोचला तर न पोहोचल्यासारखाच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, रेंज नसणे आणि सर्व्हर बसणे हा फर्मवेअरचा दोष नाही, टॉवर हवेत. टॉवर हवेतच. जिथे ४जी पोहोचलेले नाही अशा गावांसाठीची केंद्राची योजना जुलै २०२२ मध्ये मंजूर झाली, आणि २०२४ मध्ये राज्याने ४जी मशीन व बुबुळ स्कॅनर द्यायला सुरुवात केली; दोन्हींचा फायदा होणार. पण टॉवर वादळात पडतो. तेव्हा मशीनने स्क्रीनवर त्रुटीचा आकडा दाखवून थांबायचे, की कार्डाची आधी उतरवून ठेवलेली, सही तपासलेली यादी पाहून या महिन्याचे धान्य द्यायचे आणि नोंद नंतर पाठवायची, हे टॉवर ठरवत नाही. ते मशीनमधले सॉफ्टवेअर ठरवते. दुसरा आक्षेप: हा तर अॅपचा भाग झाला, बूटलोडर-फर्मवेअरचा कुठे? अभियंत्याच्या दृष्टीने भेद बरोबर आहे. दुकानात मात्र एकच मशीन असते, आणि बूटलोडर, कर्नल, स्कॅनरचा ड्रायव्हर आणि वाटपाचे अॅप हे सगळे एकत्र चालले तरच धान्य मिळते. सगळे भाग एका वर्णनात बांधून एकत्र तपासायचे, हा धडा बिनमॅननेच घालून दिला आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: ऑफलाइनची वाट ठेवली की चोरीची वाट उघडते, आणि ई-पॉस आले ते गळती थांबवायलाच. ही भीती खोटी नाही. खोट्या कार्डांवर उचललेले धान्य याच तालुक्यांतल्या खऱ्या कार्डधारकांच्या वाट्यातून जात होते. पण ऑफलाइन म्हणजे मोकळे रान असे नाही. मर्यादा ठरवता येते: एका कार्डाला महिन्यात एकदाच, तेवढ्याच किलोंचे, नोंदीवर मशीनची सही, ठरावीक दिवसांत ती सर्व्हरवर गेली नाही तर ती वाट आपोआप बंद. सहीची पडताळणी बूटलोडर २०१३ पासून करू शकतो, तर धान्याच्या यादीची पडताळणी अशक्य मानायचे कारण नाही. उलट आदेशाने अचानक उघडलेले ऑफलाइन वाटप हीच बिनचाचणीची वाट असते, आणि गळतीला तिथेच अधिक वाव मिळतो.

म्हणून पुढच्या मशीनच्या खरेदीत स्वीकृतीची चाचणी काय असावी, हे ठामपणे मागायला हवे. अद्ययावत करताना वीज तोडून बघा: मशीन जुन्या इमेजवर परत येते का. नेटवर्क चार दिवस बंद ठेवा: दुकान चालू राहते का. झिजलेल्या बोटांचे, त्यांच्या संमतीने घेतलेले ठसे घ्या आणि किती जणांना नाकारले गेले ते छापा. मशीनचे घड्याळ चुकवा, सर्व्हरला अर्धे उत्तर देऊन गप्प बसवा. यातल्या बहुतेक गोष्टी सँडबॉक्ससारख्या साधनात टेबलावरच लिहिता येतात, रोज रात्री आपोआप चालवता येतात, आणि एकही नापास झाली तर ती इमेज जव्हारच्या गोदामाकडे रवाना होत नाही. उरलेल्या चाचण्यांसाठी, बोटांच्या चाचणीसाठी तर नक्कीच, मोखाड्याला यावे लागेल. तिथल्या पाड्यांवर, पावसाळ्यात.