शकुंतलेचे रूळ आणि गावातली तार

शकुंतला म्हणजे काय, हे मूर्तिजापूर तालुक्यात कुणाला सांगायला नको. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या छोट्या लाइनचे रूळ किलिक निक्सनच्या कंपनीचे, अन् गाड्या चालवायची मध्य रेल्वे. मालक एक, गाडीवान दुसरा. देखभालीकडं दुर्लक्ष झालं, गाडीचा वेग बैलगाडीवर आला आणि शेवटी ती बंद पडली.

शेतकरी बंधूंनो, आज ही आठवण काढायचं कारण म्हणजे ग्रामपंचायतीपर्यंत येणारी फायबरची तार. केंद्र सरकारनं ही योजना २०११ च्या ऑक्टोबरात मंजूर केली. २०१५ पासून तिचं नाव भारतनेट. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट नावानं झालं. तार सरकारी पैशाची, पण ती कुण्या एका कंपनीची मिरास नाही. सेवा देणाऱ्या सगळ्यांना सारख्याच अटीवर ती वापरू द्यायची, हे योजनेतच लिहिलेलं आहे. मोबाइल कंपनी असो की गावातला केबलवाला पोरगा, दोघांना दर एकच.

बाजार समितीचंच बघा ना. समिती यार्ड बांधते, सेस घेते. स्वतः तूर खरेदी करायला बसत नाही. आडते अनेक, म्हणून भावात चढाओढ. स्वीडनमध्ये स्टॉकहोम नगरपालिकेनं १९९४ साली स्टोकाब ही कंपनी काढून हेच केलं. ती शहरात फायबर टाकते, मागेल त्याला भाड्यानं देते. घरोघरी इंटरनेट विकण्याचं काम दुसऱ्यांचं.

आपल्याकडं अडतं कुठं? पहिल्या टप्प्यात तार एका सरळ रेषेत गेली. मधल्या गावात जेसीबीनं नालीसाठी खोदताना ती तुटली, की पुढची सगळी गावं बंद. ग्रामपंचायतीतल्या पेटीवर धूळ, बॅटरी मेलेली, अन् सातबाऱ्यासाठी माणूस तालुक्याला हेलपाटे घालतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात तार कड्यासारखी फिरवायची आहे, म्हणजे एका बाजूनं तुटली तरी दुसरीकडून चालू राहील. घरोघरच्या जोडणीसाठी गावातलाच उद्योजक नेमायचा आहे.

इथंच सरपंच-सचिवांनी जागं राहावं. उद्योजक एकच नेमला अन् त्यानं पेटीला आपलं कुलूप ठोकलं, तर खुली तार पुन्हा एकाच्या घरची झाली! दर फलकावर लागले पाहिजेत, दुसरा कुणी सेवा द्यायला आला तर त्यालाही त्याच अटीवर जोडणी मिळाली पाहिजे. आणि दुरुस्तीचा पैसा वेगळा ठेवावा. गावातल्या गल्ल्यांतली तार ग्रामपंचायतीनं स्वतः टाकली असं धरून चला. पन्नास घरं, सेवा देणाऱ्याकडून घरामागं महिन्याला शंभर रुपये भाडं, म्हणजे पाच हजार. बॅटरी अन् तार जोडणाऱ्या कारागिराची मजुरी त्यातून निघू शकते. हा पैसा दिवाबत्तीत वळता झाला, की शकुंतलेचीच गत.

खोदकामाआधी ‘कॉल बिफोर यू डिग’ या मोबाइल अ‍ॅपवर खबर द्यायची सोय मार्च २०२३ पासून आहे. पाणीपुरवठ्याच्या ठेकेदाराला ती सक्तीची करायचा ठराव घ्यायला पैसा लागत नाही. ग्रामसभेची नोटीस निघायच्या आधी विषय लेखी देऊन सचिवांची पोच घ्या. पेटी कुणाच्या ताब्यात आहे, किल्ली कुणाकडं, तार तुटली तर किती दिवसांत जोडून मिळेल अन् फोन कुणाला करायचा, एवढं तरी त्या कागदावर असू द्या.