पंचावन्नचा काटा

"गाडी विकून टाकतो, आई. पेट्रोल पिते नुसती!"

२०२३ च्या एप्रिलमध्ये मी मुलाकडे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला गेले होते. त्याने वीस वर्षांची जुनी मोटरहोम घेतली होती. म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाडच! आत शेगडी, फ्रीज, पलंग, न्हाणीघर. हॉटेलं बदलत फिरणं आता आईला झेपणार नाही, म्हणून हा खटाटोप. पण ग्रँड कॅन्यनची पहिली फेरी झाली आणि बिलं पाहून त्याचा चेहरा उतरला. जाऊन-येऊन ४६० मैल, पेट्रोल ६८ गॅलन. मी मनातल्या मनात भागाकार केला. लिटरला तीन किलोमीटरसुद्धा नाहीत!

एकतीस वर्षं बँकेत काढलेली बाई मी. तपासल्याशिवाय खातं बंद करू देते होय? म्हटलं, आधी गळती कुठे आहे ते पाहू.

चिरंजीवांचा पहिला विचार, पेट्रोल वाचवणारं एखादं यंत्र बसवण्याचा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरावर यंत्रं तपासली आहेत आणि फारच थोड्यांचा काही उपयोग दिसला. ते पैसे वाचले. मग टायर. जुन्या गाडीच्या दाराच्या चौकटीवर हवेचा आकडा लिहिलेला असतो. सकाळी, टायर थंड असताना मोजलं तर चारही मागच्या चाकांत हवा कमी. अशा टायरला पेट्रोल जास्त लागतं आणि तो तापून फुटण्याचं भय वेगळंच.

पुढची गळती माझीच निघाली. पाण्याची टाकी ४० गॅलनची. प्रवासात असावं म्हणून मी ती काठोकाठ भरून घेतली होती. म्हणजे दीडशे किलो ओझं! फिनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटरवर, तर कॅन्यनचा दक्षिण काठ २१०० मीटरवर. एवढं पाणी आपण डोंगरावर वाहून नेत होतो, आणि मुक्कामी तर नळ होता. शिवाय दहा किलो तांदूळ आणि दोन कुकर. त्यांबद्दल न बोललेलं बरं.

पण खरा खर्च वेगाचा. असं घर म्हणजे वाऱ्याला आडवी उभी केलेली भिंत. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. ताशी ७० मैलांवरून ५५ वर आलं, तर तो सुमारे ३८ टक्क्यांनी उतरतो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७४ मध्ये देशभर हीच ५५ ची मर्यादा घातली होती. १९९५ मध्ये ती उठली.

सूनबाईंना पहिल्या वेळी रजा नव्हती, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा तिथेच निघालो. टाकीत गरजेपुरतंच पाणी, टायरांत पुरती हवा, काटा पंचावन्नवर. उजव्या कडेने आम्ही संथ चाललेले, शेजारून ट्रक भरधाव जाताहेत. चिरंजीव पहिला तासभर चुळबुळत होते. थांब्यावर त्याने एसीसाठी इंजिन चालू ठेवलं, तेव्हा मी सहज म्हणाले, "बाबा सिग्नललासुद्धा स्कूटर बंद करायचे."

त्याने चावी फिरवली. बराच वेळ गप्प बसला.

हे गेले ते २०२० च्या मे महिन्यात. विमानं बंद होती. त्याने अंत्यदर्शन घेतलं ते फोनच्या पडद्यावर. त्यानंतर तीन वर्षांत आम्ही त्यावर एक अक्षर बोललो नव्हतो. पुन्हा रस्त्याला लागलो. मागे सूनबाई आणि नातू पेंगत होते. समोर बघतच तो म्हणाला, "आई, तुला माझा राग आला होता का?"

आला होता. खोटं कशाला बोलू? तसं सांगितलंही. मग दोघंही बोललो, अगदी पाइनची झाडं लागेपर्यंत.

घरी आल्यावर वही उघडली. तेच ४६० मैल, पेट्रोल ५७ गॅलन. अकरा गॅलन वाचले. जाता-येता मिळून दीड तास जास्त लागला.

गाडी त्याने विकली नाही. वहीत मात्र एक नोंद अजून अडली आहे. तो दीड तास खर्चात टाकावा, की जमेत?