गंधाची वाट मेंदूपर्यंत

पिकलेल्या केळ्याभोवती घिरट्या घालणारे चिलट हाताने हाकलून द्यायचे, एवढाच सर्वसामान्य माणसाचा त्याच्याशी संबंध. शास्त्रज्ञ मात्र या फळमाशीला शंभराहून अधिक वर्षे प्रयोगशाळेत जपत आले आहेत. भारतात या माशीच्या साह्याने मेंदू आणि वर्तन यांचे कोडे उलगडण्याचा पाया घातला तो डॉ. ओबेद सिद्दीकी यांनी, आणि तोही मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत.

उत्तर प्रदेशातील बस्ती येथे १९३२ मध्ये जन्मलेल्या सिद्दीकींचे शिक्षण अलिगढला झाले. ग्लासगो येथे ग्विदो पोंतेकोर्वो यांच्या मार्गदर्शनाखाली बुरशीच्या जनुकशास्त्रावर संशोधन करून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेत अ‍ॅलन गॅरेन यांच्यासह त्यांनी जीवाणूंवर काम केले. प्रथिन बांधले जात असताना जनुकातील बिघाडामुळे ते काम मध्येच थांबते. मात्र दुसऱ्या एखाद्या जनुकातील बदल हा अडथळा दूर करू शकतो, हे त्या संशोधनातून पुढे आले. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून १९६२ साली ते मुंबईत आले आणि भौतिकशास्त्र व गणितासाठी ख्यातनाम असलेल्या संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा राहिला.

स्वतःच्या क्षेत्रात नाव झाल्यानंतर नव्या विषयाची मुळाक्षरे गिरवणे सोपे नसते. सिद्दीकींनी ते धाडस चाळिशीच्या सुमारास केले. कॅलिफोर्नियात सिमूर बेन्झर यांनी एक साधी युक्ती रूढ केली होती. माश्यांच्या जनुकांत बदल घडवायचा, वर्तन बिघडलेल्या माश्या वेचून काढायच्या आणि त्यावरून कोणते जनुक काय करते हे शोधायचे. काही माश्या ऊब वाढताच लुळ्या पडत आणि गारव्यात पुन्हा हिंडू लागत. त्यांच्या चेतासंस्थेत नेमके काय बिघडते, याविषयीचे सिद्दीकी आणि बेन्झर यांचे संशोधन १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एका जनुकातून चेतापेशीच्या आवरणातील सोडियमची वाट तयार होते, हे १९८९ मध्ये स्पष्ट झाले. चेतातंतूतून विजेचा संदेश पुढे सरकतो तो याच वाटेमुळे.

मुंबईत परतल्यावर सिद्दीकींनी गंध आणि चव हे विषय निवडले. केनियात जन्मलेल्या, मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्या विद्यार्थिनी. गुरू-शिष्येने १९७८ साली वास व चव न ओळखणाऱ्या माश्यांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातील लक्षणीय बाब अशी, की काही माश्यांना सारेच वास येईनासे होत नव्हते. विशिष्ट गटातील गंधच तेवढे त्यांना जाणवत नव्हते. वास ओळखण्याची यंत्रणा एकसंध असती, तर एका बिघाडाने सारेच गंध हरपले असते. अर्थात, निरनिराळ्या गंधांसाठी निरनिराळ्या वाटा असल्या पाहिजेत. सस्तन प्राण्यांतील गंधग्राहकांचे मोठे जनुककुल लिंडा बक व रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ मध्ये शोधले. त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. फळमाशीतील गंधग्राहकांची जनुके १९९९ मध्ये सापडली.

या संशोधनाचा एक सोयीस्कर अर्थ काढला जाण्याचा धोका असतो. एक जनुक बिघडल्याने एक वर्तन बिघडते, म्हणून ते वर्तन 'त्या जनुकातच' असते, असे नव्हे. तार तुटली की दिवा विझतो, पण म्हणून प्रकाश तारेत साठवलेला नसतो. जनुक प्रथिन घडवते, प्रथिने चेतापेशी घडवतात, आणि पेशींच्या जाळ्यातून, अनुभवाच्या संस्कारासह, वर्तन साकारते. बिघडलेल्या माशीचे मोल असे, की ती या साखळीतील एकेक कडी दाखवून देते.

सिद्दीकींनी बंगळुरू येथे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारले आणि तेथे अखेरपर्यंत संशोधन केले. २००६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. व्हेरोनिका रॉड्रिग्ज २०१० मध्ये निवर्तल्या. सिद्दीकींचे २०१३ मध्ये निधन झाले.

प्रौढ फळमाशीच्या मेंदूतील सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशींचा संपूर्ण जोडणी-नकाशा ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणती तार कोठे जाते, हे आता दिसते. त्या तारांतून गंधाची जाणीव आणि त्यावरची कृती कशी घडते, हे समजण्यासाठी मात्र सिद्दीकींच्या पिढीने घालून दिलेल्या पद्धतीनेच, एकेक जनुक आणि एकेक माशी तपासत पुढे जावे लागणार आहे.