‘तुम्हाला तुमच्या बोलीचा अभिमान आहे का?’ असं विचारून काय मिळतं?

भाषा, अस्मिता आणि समुदाय हे तीन शब्द शीर्षकात असलेला प्रकल्प तुम्ही यंदा करणार असाल, तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. चार वर्षांच्या पदवीत शेवटचं वर्ष संशोधनाचं घ्यायची सोय झाल्यापासून असे सिनॉप्सिस बरेच दिसायला लागलेत. जनसंज्ञापनवाले करतात, मराठीवाले करतात, समाजशास्त्रवाले तर करतातच. मी स्वतः रसायनशास्त्रात पीएच.डी. करतेय, त्यामुळे ‘तुझा यात काय संबंध?’ असं कुणीही विचारू शकतं. संबंध आहे, तो पुढे येईलच.

या सिनॉप्सिसमध्ये पद्धत बहुतेक वेळा एकच असते: गूगल फॉर्म. ‘तुम्हाला तुमच्या बोलीचा अभिमान आहे का?’ पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ वगैरे. शंभर जण भरतात, त्यातले नव्वद जण ‘हो’ म्हणतात, मग एक पाय चार्ट आणि निष्कर्ष. आता मला सांगा, स्वतःच्या बोलीचा अभिमान नाही, असं फॉर्मवर कोण लिहील? तुम्ही अस्मिता मोजलेली नाही. अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं हे लोकांना माहीत आहे, एवढंच मोजलंय.

शिवाय आपण कसं बोलतो याबद्दल माणसं जे सांगतात आणि प्रत्यक्षात जसं बोलतात, यात फरक असतो. हा काही नुसता अंदाज नाही. पीटर ट्रडगिल यांनी इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात हे तपासलं होतं. तिथे बऱ्याच बायकांनी आपण आहोत त्यापेक्षा जास्त ‘शुद्ध’ बोलतो असं सांगितलं, आणि बऱ्याच पुरुषांनी उलट, आहोत त्यापेक्षा जास्त गावठी बोलतो असं. दोघांचंही रेकॉर्डिंग वेगळंच सांगत होतं. खोटं कुणी बोलत नव्हतं. आपल्याला कसं दिसायचंय तेच ते सांगत होते. म्हणजे अस्मिता त्या उत्तरात आहेच, पण ती कळायला शेजारी रेकॉर्डिंग ठेवावं लागतं.

मग करायचं काय? यासाठी मी एका जुन्या अभ्यासाची गोष्ट जरा सविस्तर सांगणार आहे. तो एका एम.ए.च्या विद्यार्थ्याने केलेला आहे, म्हणजे तुमच्यापेक्षा एकच पायरी वर.

विल्यम लबाव हे नाव तुम्ही भाषाविज्ञानाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात बघाल. भाषेकडे वळण्याआधी हा माणूस दहाएक वर्षं शाई बनवणाऱ्या उद्योगात केमिस्ट होता. (हाच तो संबंध. आमच्यातला माणूस!) तिशी ओलांडल्यावर तो कोलंबिया विद्यापीठात परत शिकायला गेला, आणि एम.ए.साठी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळचं मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट निवडलं. लेख १९६३ साली छापून आला.

बेटावर कायम राहणारे लोक साडेपाच हजारांच्या आसपास आणि उन्हाळ्यात येणारे पाहुणे चाळीस हजारांवर. मासेमारी खालावलेली, किनाऱ्यावरच्या जमिनी हळूहळू बाहेरच्यांच्या ताब्यात चाललेल्या. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या वाचकांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

लबावने काय केलं नाही, ते आधी बघा. ‘तुम्हाला या बेटाचा अभिमान आहे का?’ असा प्रश्न घेऊन तो दारोदार फिरला नाही. त्याने दोन स्वर पकडले, बस. इंग्रजीतल्या ‘राइट’ आणि ‘हाउस’ या शब्दांतले. बेटावरचे काही लोक ते साधारण ‘रइट’, ‘हउस’ असे उच्चारायचे, म्हणजे सुरुवातीचा ‘आ’ थोडा ‘अ’कडे सरकायचा. एवढ्याशा फरकावर अख्खा प्रबंध!

हेच स्वर का, याची कारणं आपल्या कामाची आहेत. एक तर ते बोलण्यात सतत येतात, त्यामुळे अर्ध्या तासाच्या गप्पांतही मोजण्याइतका माल मिळतो. दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं, बोलणाऱ्यांना आपण असं बोलतो याची जाणीवच नव्हती. जे जाणवत नाही ते मुद्दाम लपवता येत नाही किंवा नटवताही येत नाही. तिसरं म्हणजे तुलनेला आधार होता. १९३३ मध्ये एका भाषा-नकाशासाठी बेटावरच्या चार म्हाताऱ्यांचे उच्चार नोंदवलेले होते. त्यांच्या ‘राइट’मध्ये हे सरकणं मध्यम होतं, ‘हाउस’मध्ये नव्हतंच. आमच्या भाषेत सांगायचं तर कंट्रोल रीडिंग आयतंच हाताशी होतं.

त्याने ६९ लोकांच्या मुलाखती घेतल्या. प्रश्न असे रचले की हे स्वर असलेले शब्द आपसूक यावेत. उदाहरणार्थ ‘हक्क’ म्हणजे काय, यावर त्याने लोकांना बोलतं केलं, कारण इंग्रजीत हक्काला शब्द ‘राइट’! आणि बोलता बोलता माणसाचा बेटाबद्दलचा कलही कळायचा. एकाच प्रश्नात दोन्ही कामं. प्रश्नावली करायची तर अशी करावी. प्रत्येक उच्चाराला शून्य ते तीन गुण, त्यांची सरासरी, तिला शंभराने गुणलं की झाला निर्देशांक. काही उच्चार त्याने स्पेक्ट्रोग्राफवर तपासूनही घेतले, म्हणजे कानावर आंधळा विश्वास नको.

आता आकडे. ‘राइट’च्या स्वरासाठी वयोगटांप्रमाणे बघा: पंचाहत्तरच्या पुढे २५, ६१ ते ७५ मध्ये ३५, ४६ ते ६० मध्ये ६२, ३१ ते ४५ मध्ये ८१, आणि १४ ते ३० मध्ये एकदम ३७.

इथे घाई करणारा विद्यार्थी लिहून मोकळा होतो की ‘वय कमी होतं तसा जुना उच्चार कमी होतो’. पण इथे तसं नाहीच! म्हाताऱ्यांकडून मध्यमवयीनांकडे येताना तो वाढत गेलाय आणि तरुणांत अचानक पडलाय. आलेख असा मध्येच फुगला की सरळ रेषेचं कुठलंही स्पष्टीकरण कामाचं राहत नाही. माझ्या लॅबमध्ये असं काही दिसलं की आधी उपकरण तपासतात. लबावने उपकरण तपासलं, मग लोक तपासले.

धंदा बघितला: मच्छीमार १००, शेतकरी ३२, बाकीचे ४१. जागा बघितली, तर चिलमार्क या मच्छीमारांच्या गावाकडे आकडा सगळ्यात वर. वंश बघितला, म्हणजे जुने इंग्रज, पोर्तुगीज, वाम्पनोआग आदिवासी. प्रत्येकाने थोडं थोडं स्पष्ट झालं, सगळं एकानेही नाही. शेवटी त्याने पूर्ण मुलाखत वाचून प्रत्येकाचा बेटाबद्दलचा कल ठरवला. बेटाशी जीव जडलेले ४० जण, त्यांचा निर्देशांक ६३. तटस्थ १९ जण, ३२. इथून निघायचंय असे ६ जण, फक्त ९.

शाळकरी मुलांतही हेच. बेटावर राहणार म्हणणारी मुलं जोरकस ‘रइट’ म्हणत होती, जाणार म्हणणारी जवळजवळ नाहीच. आणि सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे कॉलेजसाठी बाहेर जाऊन परत आलेला एक तरुण मच्छीमार. त्याचा उच्चार भलताच ठसठशीत होता. त्याच्या आईनेच सांगितलं की हा पूर्वी असं बोलायचा नाही, परत आल्यापासून बोलायला लागला. बाहेर जाऊन ‘सुधारून’ आलेला नाही, उलट! आपण कुठले, हे त्याने ठरवलं होतं आणि ते त्याच्या ‘अ’मध्ये उतरलं होतं.

मला हा अभ्यास आवडतो, पण भाबडेपणाने वाचू नका. कल ठरवणारा लबाव आणि उच्चाराला गुण देणाराही लबावच. निगेटिव्ह गटात फक्त सहा माणसं. तुमच्या व्हायवात कुणी एवढ्यावरूनही धारेवर धरेल. पुढे चाळीसेक वर्षांनी दोन वेगवेगळ्या चमू बेटावर गेल्या. २००३ च्या लेखात निष्कर्ष आला की चिलमार्कमध्ये तो उच्चार आणि त्याचा अर्थ ओसरलाय. २००७ च्या लेखात उलट, की नातं अजून टिकून आहे. पहिल्यांनी एका गावावर भर दिला, दुसऱ्यांनी लबावची पद्धत शक्य तितकी तशीच वापरली. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. सॅम्पल बदललं की निष्कर्ष कसा हलतो हे त्यात जितकं स्पष्ट दिसतं, तितकं मेथडॉलॉजीच्या लेक्चरमध्ये दिसत नाही.

आता आपल्याकडे या. अस्मिता उच्चारातच असते असंही नाही, ती भाषेच्या कुठल्या थरात बसेल ते समुदायावर अवलंबून. १९७१ मध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या एका गावावर लेख लिहिला, त्यात गावाचं नाव कुपवार असं येतं. जैन आणि लिंगायत घरी कन्नड बोलणारे, मुसलमान उर्दू, दलित मराठी, दोर वळणारी काही घरं तेलुगू. शतकानुशतकं शेजार. त्यांना असं दिसलं की या भाषांचं व्याकरण एकमेकांच्या इतकं जवळ आलंय की वाक्यातल्या एकेका शब्दाच्या जागी दुसऱ्या भाषेतला शब्द ठेवला तरी वाक्य चालतं. तिथल्या उर्दूत ‘नदी आया’, कारण माणूस नसलेल्या वस्तूंचं लिंग कन्नडच्या धर्तीवर झालेलं. पण शब्द? ते ज्याने त्याने आपापले जपलेले. व्याकरण सामायिक आणि घराची ओळख शब्दांत. चार वेगवेगळ्या घरच्या माणसांना एकत्र बोलायचं तर मराठी, कारण ती गावातल्या वजनदार गटांपैकी कुणाचीच घरची नव्हती. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी पुढे याच गावाचा पुन्हा अभ्यास करून हे चित्र बरंच तपासून, प्रश्न विचारून घेतलंय. तोही वाचाच.

समजा तुम्हाला हे पुण्यातल्या मुलींच्या हॉस्टेलवर करायचंय. कोल्हापूरकडच्या बऱ्याच मुली स्वतःबद्दल ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. पुण्यात आल्यावर काही जणी ‘जाते’, ‘आले’वर येतात, काही येत नाहीत, काही मैत्रिणीशी एक आणि मेसच्या काकूंशी दुसरं. किती सुरेख चल आहे बघा: स्वतःबद्दलचं प्रत्येक क्रियापद मोजता येतं, दोनच पर्याय, गप्पांत शेकड्याने येतात. अडचण एकच. व्हिनयार्डच्या स्वरासारखं हे नकळत घडत नाही. यावरून हसतात, आणि ज्यावर हसतात ते माणूस अनोळखी माणसासमोर झाकतं. म्हणजे विचारणारी पुण्याची असेल तर तिला ‘जाते’च जास्त ऐकू येणार. तुम्ही स्वतः कोल्हापूरच्या असाल, तर हॉस्टेलमध्ये ज्यावरून तुमची थट्टा होते तेच इथे तुमच्या कामाचं आहे, कारण तुमच्यासमोर त्या मुली मोकळं बोलतील. मात्र मग तुमच्यासमोर ‘जातो’ मुद्दाम वाढतंय का, हेही बघावं लागेल. एकाच मुलीचं दोन वेगवेगळ्या माणसांशी बोलणं घेतलंत तर हे जरा सुटतं.

आणि ‘अभिमान’ विचारू नका. शिक्षण झाल्यावर कुठे राहायचंय, सुट्टीत घरी किती दिवस जाता, इथे जवळच्या मैत्रिणी कुठल्या, हे विचारा. त्यातून कल कळतो. आकडे काढताना किती महिने झाले पुण्यात, शाळा कुठल्या माध्यमाची, घरी आई कशी बोलते, ही प्रतिस्पर्धी कारणं आधी बाजूला काढा. ‘कोल्हापूरची अस्मिता’ हा शब्द सगळ्यात शेवटी, आणि आकडे तिथे नेत असतील तरच.

परवानगी लेखी घ्या. लपवून रेकॉर्डिंग नको, कारण ‘सहज बोलणं मिळावं म्हणून’ ही सबब कुठलीही एथिक्स कमिटी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. मराठीत ‘ओळख’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि इथे दुसरा अर्थ त्रास देतो. ‘मुलगी क्र. ७, कागल, दुसरं वर्ष, भूगर्भशास्त्र’ असं लिहिलंत की हॉस्टेलमध्ये सगळ्यांना कळतं कोण ती. तालुका गाळा, विषय गाळा, लागलं तर वर्षही गाळा.

वेळेचा हिशोबही आत्ताच करा. एका तासाचं रेकॉर्डिंग नीट उतरवून घ्यायला किमान चार-पाच तास लागतात. बारा मुली, प्रत्येकी अर्धा तास, दोन-दोन वेळा: म्हणजे बारा तास ऑडिओ आणि पन्नास-साठ तास कानाला हेडफोन. दिवाळीच्या आधी रेकॉर्डिंग संपवा. सुट्टीहून परत आलेल्या मुलींचं बोलणं पहिले काही दिवस वेगळं असू शकतं. तोही एक छान प्रश्न आहे, पण तो या वर्षीच्या सिनॉप्सिसमध्ये घुसवू नका.