स्थलांतरविषयक जागतिक करार

सुरक्षित, सुव्यवस्थित आणि नियमित स्थलांतरासाठीचा जागतिक करार हा आंतरराष्ट्रीय स्थलांतराच्या सर्व अंगांचा एकत्रित विचार करणारा, संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेला पहिला करार होय. १० डिसेंबर २०१८ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे तो स्वीकारण्यात आला. १९ डिसेंबर रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १५२ विरुद्ध ५ मतांनी त्याला मान्यता दिली. १२ देश तटस्थ राहिले. त्याला 'करार' म्हटले जात असले तरी तो कायद्याने बंधनकारक नाही.

पार्श्वभूमी

निर्वासितांच्या संरक्षणासाठी १९५१ चा करार आहे. रोजगारासाठी देश सोडणाऱ्यांना तसा व्यापक आधार नव्हता. स्थलांतरित कामगार व त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांविषयीचा बंधनकारक करार महासभेने १९९० साली स्वीकारला खरा, पण तो अमलात येण्यास २००३ साल उजाडले. शिवाय अमेरिका, पश्चिम युरोप आणि आखाती देश, म्हणजे जेथे हे कामगार प्रामुख्याने जातात तेच, त्यापासून दूर राहिले. या अनुभवानंतर सहकार्याचा भर बंधनांऐवजी चर्चेवर आला. २००७ साली ब्रसेल्स येथे स्थलांतर व विकासविषयक जागतिक मंचाची पहिली बैठक झाली. २०१५ मध्ये युरोपात मोठ्या संख्येने निर्वासित व स्थलांतरित आल्यानंतर, १९ सप्टेंबर २०१६ च्या न्यूयॉर्क घोषणापत्राने या कराराची वाट मोकळी केली. वाटाघाटींचे संचालन मेक्सिको व स्वित्झर्लंड यांनी केले.

तरतुदी

करारात २३ उद्दिष्टे आहेत. आपले स्थलांतरविषयक धोरण ठरवण्याचा प्रत्येक देशाचा सार्वभौम अधिकार त्यात मान्य केलेला आहे.

कामगारांच्या दृष्टीने सहावे उद्दिष्ट विशेष महत्त्वाचे आहे. भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मनाई असावी, असे ते सांगते. परदेशी नोकरीसाठी कर्ज काढून एजंटाला पैसे देणाऱ्या कामगाराची सुरुवातीची कमाई त्या कर्जातच जाते. कर्ज फिटेपर्यंत वाईट मालकाची नोकरी सोडणेही त्याला परवडत नाही.

विसावे उद्दिष्ट घरी पाठवल्या जाणाऱ्या पैशांविषयी आहे. २०३० पर्यंत हा खर्च ३ टक्क्यांच्या खाली आणावा, असे त्यात म्हटले आहे. १०,००० रुपयांमागे ६ टक्के शुल्क असल्यास ६०० रुपये वाटेतच कापले जातात.

विरोध

अमेरिकेने डिसेंबर २०१७ मध्येच वाटाघाटींतून अंग काढून घेतले. महासभेत अमेरिकेसह इस्रायल, हंगेरी, पोलंड व चेक प्रजासत्ताक यांनी विरोधात मत दिले. बेल्जियममध्ये या प्रश्नावरून एक घटक पक्ष आघाडीतून बाहेर पडला आणि पंतप्रधान शार्ल मिशेल यांनी राजीनामा दिला. कोणावरही बंधन न घालणाऱ्या दस्तऐवजासाठी ही किंमत मोठीच म्हणावी लागेल.

भारत

भारताने कराराच्या बाजूने मत दिले. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२२ साली परदेशस्थ भारतीयांनी १०० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी पाठवली. मात्र १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील नियमांनुसार परवानाधारक भरती एजंटांना कामगाराकडून ठरावीक मर्यादेपर्यंत शुल्क घेता येते. सहाव्या उद्दिष्टाला अपेक्षित असलेली पूर्ण मनाई त्यात नाही.

कराराच्या अंमलबजावणीचा आढावा दर चार वर्षांनी घेतला जातो. पहिली आढावा बैठक मे २०२२ मध्ये न्यूयॉर्क येथे झाली.