ताटातूट झालेल्या आप्तांचा शोध

साप्ताहिक हाती येताच आमचे कित्येक वाचक प्रथम लग्नाच्या व मृत्यूच्या वार्ता पाहतात, हे आम्हांस ठाऊक आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे 'ख्रिश्चन रेकॉर्डर' नावाचे कृष्णवर्णीय मेथॉडिस्ट मंडळीचे असेच एक साप्ताहिक निघत असे. तेथील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि त्याच्या रकान्यांत निराळ्याच मजकुराची दाटी होऊ लागली. 'माहिती पाहिजे' असा मथळा आणि खाली चार-सहा ओळी: मुलाचे नाव, पूर्वीच्या मालकाचे नाव, कोणत्या गावी विकले, शेवटचे कधी पाहिले. धर्मोपदेशकांनी हे आपल्या मंडळीस वाचून दाखवावे, अशी विनंतीही पुष्कळदा असे. कारण ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. गुलामास लिहावयास शिकविणे दक्षिणेतील अनेक राज्यांत गुन्हा होता.

डिसेंबर १८६५ मध्ये राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती होऊन दास्य कायमचे रद्द झाले. सुमारे ४० लक्ष माणसे आता कोणाच्या मालकीची राहिली नव्हती. परंतु स्वतःची माणसे त्यांनी कोठे शोधावी?

गुलामांच्या विवाहास कायद्यात स्थानच नव्हते. मालकाने मनात आणताच नवरा एका गावी व बायको दुसऱ्या गावी विकली जाई. (येथे आपणही मान खाली घालावी. मेरीलँडच्या येशूसंघीयांनी १८३८ साली २७२ गुलामांच्या विक्रीचा करार केला होता, आणि त्यातील पुष्कळांना दूर लुइझियानास धाडण्यात आले.) मुक्ती मिळताच, ज्यांची नातवंडे खेळत होती अशी जोडपीही विवाहाची नोंद करण्यास पुढे आली. काहींपुढे मात्र बिकट पेच उभा राहिला. विकला गेलेला पती वर्षांनी परत यावा, आणि तो मेला असे समजून पत्नीने दुसरा संसार मांडलेला असावा! दोष कोणाचा म्हणावा? निदान त्या दोघांचा नव्हे.

पोटाचा प्रश्न तर होताच. जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शर्मन यांनी समुद्रकाठची जमीन प्रत्येक कुटुंबास ४० एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला. सुमारे ४०,००० जण तेथे वसले. लिंकन यांच्या वधानंतर अध्यक्ष झालेल्या जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मालकांना परत केली. हे सांगण्यासाठी सेनापती हॉवर्ड ऑक्टोबरमध्ये एडिस्टो बेटावर गेले. चर्चमध्ये लोक जमले होते. वार्ता ऐकून गोंगाट झाला, तेव्हा एका स्त्रीने शोकगीत आळविले आणि सर्वांनी त्यात सूर मिसळला.

पुढे बहुतेकांच्या वाट्यास बटाईची शेती आली. बी-बियाणे व दाणागोटा उधारीवर घ्यावा, आणि कापूस निघाला की दुकानदाराची वही उघडावी. आपल्याकडील कुळांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतील सदाचारी लोकांस, त्यांनी दास्यविमोचनासाठी केलेल्या श्रमांबद्दल, अर्पण केली ती उगीच नव्हे.

नव्या शाळांतून आजी व नात एकाच अंकलिपीवर बसू लागल्या. रकान्यांतील शोध मात्र चालूच राहिला. पुनर्भेटीच्या वार्ता फार थोड्या छापून आल्या. विसावे शतक उजाडले तरी आईचा ठावठिकाणा विचारणारी पत्रे येतच होती, आणि ती पाठविणारी मुले तोवर स्वतःच म्हातारी झाली होती.